'मुंज्या', खेकडे आणि सातबारा

दापोलीकर,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लाइट गेले होते, मोबाइल शेवटच्या घटका मोजत होता, म्हणून तेव्हाच उत्तर दिलं नाही. बरं झालं, जरा तिखटच झालं असतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. 'मुंज्या' या कोकणात घडणाऱ्या हिंदी भुताच्या विनोदी चित्रपटावर मी लिहिलं ते कोकणी खेकडावृत्तीचं उदाहरण आहे. पोराबाळांना घेऊन हसायच्या-घाबरायच्या चित्रपटात मी ब्लॅक कॉमेडी, म्हणजे मरणाबिरणातला काळा विनोद, शोधत बसलो. शंभर कोटींवर गेलेल्या चित्रपटाला 'हुकलेला' म्हणणारा मी कोण? तुमचा आठ वर्षांचा मुलगा तर अख्खा वेळ हसत होता. आणि गावातली माणसं हिंदी बोलतात म्हणून नाक मुरडणं हा निव्वळ दीडशहाणपणा.

शेवटचं आधी घेतो. तिथे चूक माझीच. हिंदी चित्रपटातली माणसं हिंदीच बोलणार. ते वाक्य लिहिताना मी कुठल्या तंद्रीत होतो कोण जाणे. मागे घेतलं.

खेकड्यांचं मात्र मागे घेत नाही. टोपलीतल्या खेकड्यांचा दाखला देणाऱ्यांनी कुर्ल्या कधी पकडलेल्या नसाव्यात असा माझा जुना संशय आहे. त्या एकमेकींना धरतात, कारण टोपलीत धरायला दुसरं काही नसतं. मला कुणाचा पाय ओढायचा नाही. 'मुंज्या'चा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, त्याने आधीच्या 'झोंबिवली'त टॉवर आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यातली तेढ झोंबींच्या धुमाकुळात बसवून दाखवली होती. ती बघितली म्हणून तर 7 जून 2024 ला, पावसाळ्याच्या तोंडावर, आम्ही चौघे रत्नागिरीला पहिल्याच दिवशी गेलो.

आता मुद्दा. ब्लॅक कॉमेडी मी बाहेरून आणून चित्रपटाला चिकटवलेली नाही, ती त्याच्या कथेतच आहे. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथे थांबावं.) साल 1952. गोट्या नावाचं पोरगं, स्वतःहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीशी लग्न करायचं म्हणून हटून बसलेलं. आई खवळते, डोकं भादरून मुंज उरकून टाकते. मग हा रात्री धाकट्या बहिणीला, गीताला, झाडाखाली नेतो. कशाला, तर बळी द्यायला! झटापटीत मरतो मात्र स्वतःच. पुढे गीता वाचते, मोठी होते, संसार करते, म्हातारी होते. सुहास जोशींनी केलेली, नायक बिट्टूची आजी ती हीच. आणि या मुंज्याचा नियम काय? तो फक्त रक्ताच्या नात्यातल्यांनाच दिसतो.

दापोलीकर, या एका नियमावर जरा थांबा. आपल्याकडची जुनी समजूत अशी, की मुंज झाल्यावर सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला तर तो पिंपळावरचा मुंजा होतो. तो कुणालाही दिसू शकतो, बहुतेक वेळा निरुपद्रवीच असतो. फक्त भाऊबंदांनाच दिसणारं भूत ही चित्रपटाची भर, आणि माझ्या मते त्यातली सर्वांत कोकणी गोष्ट. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. त्यातली नऊ माणसं मेलेली. वारसनोंद कुणी केली नाही, म्हणून कागदावर अजून जिवंत. घराची कौलं बदलायची म्हटलं तरी ती नऊ माणसं मध्ये येतात. सुना-जावयांना ती दिसत नाहीत, आम्हाला दिसतात. मुंज्या म्हणजे दुसरं काय? ज्याचा हिस्सा बाकी राहिलाय असा एक सामायिक वारस. त्याला जमीन नको, लग्न हवंय, एवढाच फरक. असा नियम हाताशी असताना चित्रपट त्याचं काय करतो, तर बिट्टू हवेशी बोलतोय आणि आजूबाजूचे त्याला वेडा समजतायत, हाच विनोद पुन्हा पुन्हा. दोनदा हसलो मी. तिसऱ्यांदा पॉपकॉर्नमध्ये हात घातला.

तुम्ही म्हणाल, मरणात काय विनोद करायचा? आपल्याकडे तर तो आपोआप होतो! काकाच्या दहाव्याला आम्ही नदीवर गेलो होतो. पिंड मांडले, कावळा येईना. समोरच्या सुरमाडावर तिघे बसलेले, पण ढिम्म. मग सुरू झाल्या कबुल्या. "धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ हो." कावळा गप्प. "काकूला कधी अंतर देणार नाही." गप्प. भटजींनी घड्याळ बघून दर्भाचा कावळा करायला घेतला, कारण त्यांना पुढे आणखी एक दहावा होता. तेवढ्यात मुंबईचा चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "घर विकणार नाही." कावळा झपकन उतरला. आम्ही रडलो, आणि परतताना चढणीवर कुणीतरी फिसकन हसलं तसे सगळेच हसत सुटलो. काकू सगळ्यांत जास्त. त्या घराचं गेल्या वर्षापासून गिऱ्हाईकाशी बोलणं चालू आहे. कावळ्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

मला हवं होतं ते हे. हसू आलं पाहिजे, आणि आल्याबरोबर आपण कुणाला हसलो ते कळून चोरट्यासारखं वाटलं पाहिजे. 'मुंज्या'त आपण हसतो ते कॉम्प्युटरवर बनवलेल्या एका दातविचक्या बाहुल्याला. त्यात आपलं काही जात नाही.

आपल्याच समुद्राच्या खालच्या टोकाला हे एकाने करून दाखवलंय. लिजो जोस पेल्लिसेरीचा 'ई.मा.यौ.' हा 2018 चा मल्याळम चित्रपट बघा. कोचीजवळच्या चेल्लानमची मच्छीमार वस्ती. मुलगा बापाला शब्द देऊन बसलाय की तुझी अंत्ययात्रा थाटात काढीन, आणि बाप त्याच रात्री मरतो. वरून पाऊस, खिशात दमडी नाही, त्यात पाद्रीबाबांना संशय की हा खूनच आहे. एकही विनोदवीर नाही, तरी मी खो-खो हसत होतो. शेवटी तो पोरगा भर पावसात अंगणातच बापासाठी खड्डा खणायला लागतो, तेव्हा मात्र माझा गळा दाटून आला. तिथेही घर, बाप आणि दिलेला शब्द एवढंच भांडवल आहे. आपल्याकडे तर वर भूतही होतं.

पोरांसाठीचा चित्रपट, म्हणून सौम्य, हेही मला पटत नाही. शिमग्यात तुमच्याकडेही संकासुर येत असेल. काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लहानपणी तो अंगणात आला की मी भाताच्या कणगीमागे लपायचो, आणि तो पुढच्या घरी निघाला की वाडीभर त्याच्या मागे फिरायचो. भ्यायचं आणि हसायचं ते एकाच माणसाला. कोकणातल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

शंभर कोटींबद्दल वाद नाही. मिळाले, चांगलं झालं, गुहागरच्या बाजूला दोन पर्यटक वाढले असतील तर आनंदच आहे. सुरुवातीचा 1952 चा भाग मला अजून दिसतो, हेही मी मूळ लेखात लिहिलं होतं, ते तुम्ही गाळलंत. पण श्रेयनामावली सुरू झाल्यावर त्याच निर्मात्यांच्या 'भेडिया'तला वरुण धवन येऊन पुढच्या चित्रपटाची दवंडी पिटतो तेव्हा मला आजीची आठवण झाली. ज्या भावाने मारायला नेलं होतं त्याचं गुपित सत्तर वर्षं पोटात ठेवून जगलेली बाई. नातवाला वाचवायला ती पुन्हा त्याच झाडाशी जाते आणि त्याच भावाच्या हातून मरते. भाऊ अजून दहा-बारा वर्षांचा, बहीण म्हातारी! एवढ्या एका दृश्यावर उभा चित्रपट निघाला असता. इथे ते पाठलागाच्या गडबडीत उरकलंय. भाऊ-बहीण एकमेकांशी धड बोलतसुद्धा नाहीत.

तुमचा मुलगा हसला, मान्य. आमच्या मागच्या रांगेतही त्याच वयाचं एक पोर होतं, तेही बराच वेळ खिदळत होतं. आजी पडली तेव्हा ते गप्प झालं आणि आईला विचारलं, "ती त्याची बहीण ना गं?" आई म्हणाली, "गप, पुढे बघ."