एकच शब्द शिका, मराठवाड्यात कुठंही चालतो

लातूर असो की नांदेड, ‘साठ दिवसांत फाडफाड इंग्लिश’ असा बोर्ड दिसला की खिशातला हात खिशातच ठेवा. मराठवाड्यात जन्म काढायचा असेल तर इंग्रजीचा एकच शब्द पुरतो: सेट. तेवढा घासूनपुसून पाठ करा, बाकीचं इंग्रजी पुण्यामुंबईला राहू द्या.

दोनच अक्षरं आहेत म्हणून हलक्यात घेऊ नका. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची 1989 ची वीस खंडांची आवृत्ती निघाली, तेव्हा त्यातली सगळ्यात लांबलचक नोंद याच शब्दाची होती. अर्थ 430 च्या आसपास. पुढं ‘रन’नं त्याचा पहिला नंबर हिसकावला, त्याच्या एकट्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. पण रन म्हणजे पळणे, आणि पळणारी आपली पोरं केव्हाच चाकणच्या कंपन्यांत गेली. गावात उरलेल्यांनी सेटच धरून ठेवावा.

सुरुवात पंपसेटपासून करा. हा अर्थ घोकावा लागत नाही, रात्री दोनला लाईट आली की आपोआप पाठ होतो. बॅटरी घेऊन चिखल तुडवत विहिरीवर जायचं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, मोटर नुसती घूं करून बसली की एक फेज गेलाय हे ओळखून घरी येऊन झोपायचं. इंग्रजीत सूर्यसुद्धा मावळताना सेट होतो, त्यामुळं दिवस वाया गेला तरी काहीतरी सेट झालं असं मनाला सांगता येतं. दहीही सेट होतं म्हणे. आपल्याकडं दही लागतं. आपल्याकडं बोअरला पाणी लागतं, नोकरी लागते, नाद लागतो, वाटही लागते. पण ते पडलं मराठी, त्याला फी कोण देणार?

आता मुख्य धडा. एम.ए. झालात की सेटची, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या राज्य पात्रतेची, परीक्षा द्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती घेतं. दोन पेपर, 150 प्रश्न, 300 गुण, उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. दोन्ही पेपरांना बसलेल्यांपैकी 6 टक्क्यांच्या आसपास पात्र ठरतात. प्रमाणपत्राला मुदत नाही, तहहयात चालतं. काय दूरदृष्टी बघा! प्राध्यापकाची जागा निघेपर्यंत ते टिकायला नको का? तोवर तासिका तत्त्वावर शिकवा. तास मोजून पैसे, तेही बिल निघेल तेव्हा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्हालाही सुट्टी, पगारालाही सुट्टी.

कधी चुकून जागा निघालीच, तर मुलाखतीला वेळेवर जा. प्लास्टिकच्या पिशवीत ओरिजिनल, फाईलमध्ये झेरॉक्सचे तीन संच, गळ्याशी आवळलेलं बटण. बाहेरच्या बाकावर शेजारचा उमेदवार हळूच विचारेल, “सर, सेट हाय का?” तुम्ही ताठ होऊन सांगाल, “हो, पहिल्याच प्रयत्नात.” तो तुमच्याकडं कीव येऊन बघेल. त्यानं परीक्षेचं विचारलंच नव्हतं.

तो विचारत होता सेटिंगचं. याला अभ्यासक्रम नाही, गाईड नाही, हॉल तिकीट नाही. फी मात्र आहे. कुठल्याही गुत्तेदाराला विचारा, साध्या सिमेंटला सेट व्हायला नियमानं जास्तीत जास्त 600 मिनिटं मिळतात. संस्थेतल्या सेटिंगला असली घाई नसते. ओलं असताना बोट लावायचं नाही, एवढा एक नियम दोन्हीकडं सारखा. फोनवर आकडा बोलू नका. “साहेबांच्या कानावर घालतो” असं उत्तर आलं की आकडा वाढणार समजा. “बघू, करू सेट” असं आलं तर दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं आहे. त्याचं अभिनंदन करून ठेवा, पुढं कामाला येतो.

सोयरीक बघायला जाल तिथंही हाच शब्द दारात उभा असतो. मुलीचे वडील विचारतात, “पोरगं सेट हाय का?” इथं प्रमाणपत्र काढून दाखवायची चूक करू नका. त्यांना फक्त पर्मनंट आहे का तेवढंच ऐकायचं असतं. ‘तासिका’ हा शब्द तोंडातून गेला की चहा येतो, पोहे येत नाहीत.

शेवटी उच्चारांकडं लक्ष द्या, कारण आपल्याकडं स आणि श यांची फार गल्लत होते. सेट, शेट आणि शेत हे तीन वेगळे शब्द आहेत. सेट पास व्हायचं, शेट गाठायचा, शेत विकायचं, हा क्रम सोडू नका. आधी शेत विकून मग परीक्षेला बसलात तर फॉर्मचे पैसे उगाच जातील. गिऱ्हाईक बघायला मोंढ्यातल्या ओळखीच्या आडत्याला सांगा: काळी जमीन, विहिरीला पाणी, पंपसेट चालू. ‘पंपसेट चालू’वर जोर द्या, एकराला भाव जरा बरा येतो. फक्त गिऱ्हाइकाला शेत दाखवायला दिवसपाळीची लाईट असेल तेव्हाच बोलवा.