आठ दिवस घरात बसा म्हणणाऱ्यांनो

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे.

जिना उतरत होते. समोरच्या घरातले आजोबा दाराबाहेर स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होते. एक बूट झाला होता, दुसरा चालला होता. त्यांची बोटं थरथरतात, वेळ लागतो, पण ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. तेवढ्यात आतून मुलगा आला. "बाबा, हवा बघा कशी बदललीय. आठ दिवस बसा घरात, मग बघू." बोलता बोलता खाली वाकला, बांधलेली नाडी सोडली, दोन्ही बूट काढले आणि रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवून दिले. आजोबा काही बोलले नाहीत. मोज्यांवरच बसून राहिले.

मुलगा वाईट नाही हो. बापावर जीव आहे त्याचा. मला राग आला तो त्या वाक्याचा, कारण हेच वाक्य मी माझ्या आईला म्हटलेलं आहे. अगदी असंच, आठ दिवसांसकट.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई 71 वर्षांची होती, रोज सकाळी चाळीस मिनिटं चालायची. पाऊस सुरू झाला आणि मी म्हटलं, "आई, सगळीकडे ओलं झालंय, घसरशील. आठ दिवस बस." आठाचे पंधरा झाले. मग तिला सर्दी झाली. मग माझं काम वाढलं. मग कुणी विषयच काढला नाही. असे जवळजवळ तीन महिने गेले. ऊन पडल्यावर मी उत्साहाने तिचे बूट काढले, तर आत पांढरी बुरशी. पुसले, वाळवले, तिला घातले. फाटकापर्यंत गेली आणि थांबली. "पाय माझे वाटतच नाहीत गं," म्हणाली. घरी येऊन खुर्चीत बसली आणि नंतर तिला उठताच येईना. दोन्ही हात खुर्चीवर रोवून, पुढे झुकून, तिसऱ्या झटक्याला उठली. मी समोर उभी होते. तो तिसरा झटका मी अजून विसरलेले नाही.

म्हाताऱ्या माणसाला "बसा" म्हणणं फार सोपं असतं. त्यात काळजी दिसते, आपल्यालाही बरं वाटतं. आणि तिकडे मांड्यांमधली ताकद रोज थोडी थोडी ओसरत असते. उतारवयात ती भराभर जाते आणि परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. घसरून पडेल म्हणून आपण बसवतो, आणि बसवल्यामुळेच पाय असे होतात की उद्या सपाट फरशीवरही तोल जाईल. हे मला कुणी तेव्हा का नाही सांगितलं? सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

हो, भर दुपारच्या उन्हात चालायला जाणं हा मूर्खपणा आहे. निसरड्या रस्त्यावर, धुराने भरलेल्या हवेतही जाऊ नये. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. सगळं मान्य. पण म्हणून शून्यावर यायचं? घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालता येत नाही? कठड्याला धरून जिन्याच्या चार पायऱ्या चढता येत नाहीत?

प्रत्येक ऋतूचं शरीराशी काहीतरी वेगळं चाललेलं असतं, तेवढं समजून घ्यायला काय जातं? उन्हाळा लागला की शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जायला लागतं. ही सवय पंख्याखाली पडून राहून होत नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, आज दहा मिनिटं, परवा पंधरा, अशी करावी लागते. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, म्हणून तेवढंच चालूनही जास्त दमायला होतं. तेव्हा वेग कमी करावा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. मग अंथरुणातून उठून थेट गारठ्यात न जाता आधी घरातच हातपाय हलवून अंग गरम करावं आणि मग बाहेर पडावं. इतकं सोपं आहे हे. यात "आठ दिवस बसा" कुठे आलं?

आणि खाण्याचं तर विचारूच नका. हवा बदलली रे बदलली की फोनवर याद्या यायला लागतात. या ऋतूत हे खाऊ नका, ते बंद करा, अमुक खाल्लं तर विष. आईने त्या तीन महिन्यांत अशी एक यादी मनावर घेतली होती. कडधान्यं पचायला जड म्हणून बंद. दही सर्दीला वाईट म्हणून बंद. फळं थंड म्हणून बंद. बसून बसून भूक आधीच मेलेली, त्यात ताटातून एकेक गोष्ट गळत गेली. शेवटी ताटात पांढरा मऊ भात आणि त्यावर काहीतरी पातळ, एवढंच उरलं. आम्ही म्हणायचो, हलकं खातेय, बरंय. स्नायू झिजायला लागलेल्या बाईच्या ताटातून आम्ही प्रथिनंच काढून घेतली होती! हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

ज्याला एखादी गोष्ट खरोखर सोसत नाही त्याने ती खाऊ नये, वाद नाही. बाकी कुठल्याही ऋतूत भाज्या आणि फळं मिळून दिवसाला 400 ग्रॅम पोटात जावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाजारात त्या वेळी जे ताजं आणि मुबलक असेल ते घ्यावं. जोडीला डाळी, कडधान्यं, दूध, अंडी, ज्याला जे चालत असेल ते, रोज. आणि पाणी! वय वाढलं की तहान कमी लागते, थंडीत तर आणखी कमी. तहान लागल्यावर पिऊ म्हणणारा म्हातारा माणूस दिवसभर कोरडाच राहतो. आईच्या उशाशी मी आता तांब्या भरून ठेवते आणि संध्याकाळी तो रिकामा झालाय का ते बघते. तिला हे आवडत नाही. न आवडू दे.

दुसरा एक वर्ग आहे, "दहा हजार पावलं होणार नसतील तर निघायचंच कशाला" म्हणणारा. हा आकडा मूळचा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचा. त्या यंत्राचं नावच मुळी दहा हजार पावलांचं होतं. तो मोडला म्हणून पाप लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं बेताच्या श्रमांचा आहे. शिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम, आणि पासष्टी ओलांडलेल्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. तेवढं नाही जमलं तर जमेल तेवढं. काहीच न करण्यापेक्षा थोडंसं केलेलं बरं, हेही तेच लोक सांगतात.

आईचं पुन्हा सुरू झालं ते खुर्चीपासूनच. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, खुर्चीवरून उठा, बसा, उठा, बसा. हात न लावता. पहिल्या दिवशी खुर्चीवर दोन उशा टाकून उंची वाढवली, तरी दोनच झाले. ती मोठ्याने मोजायची. "एक... दोन..." आणि मग नुसता श्वास. पंधरा दिवसांनी एक उशी काढली. दोन महिन्यांनी दुसरी. फाटकाच्या पुढे जायला आणखी बराच काळ गेला. तीन महिन्यांत घालवलेलं परत यायला जवळजवळ वर्ष लागलं, आणि सगळं आलं असंही नाही. चाळीस मिनिटं आता पंचवीसवर आहेत. पाऊस असला की घरातच वीस फेऱ्या मारते, मोजून. मी "बस" म्हणत नाही. जीभ भाजली तरी म्हणणार नाही.

सगळ्यांच्या घरी वेळ असतो, जागा असते, सोबत कुणी असतं असं नाही, ठाऊक आहे मला. पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी तरी.

सकाळी मी त्या मुलाला काहीच बोलले नाही याची दिवसभर चुटपुट लागून राहिली. संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती त्या मुलावर चिडेल, नाहीतर माझ्यावर. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बूट कुठे ठेवलेत म्हणालीस?"

"वरच्या कप्प्यात."

"त्यांचा हात पोचत नसेल गं तिथे." थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उद्या खाली उतरताना तेवढे खालच्या कप्प्यात ठेव."