‘मेन पाडायची गरज नाही’ हा मेसेज पुढे पाठवू नका

परवा वणीकडे ताईच्या घरी गेलो, तर भाऊजींनी कौतुकानं एक वायर काढून दाखवली. दोन्ही टोकांना पिना. शेतातल्या खोलीत छोटा पेट्रोल जनरेटर आहे, त्याच्यासाठी. कल्पना व्हॉट्सॲपवरच्या मेसेजची: "लाईन गेली की जनरेटरची वायर सरळ घरच्या सॉकेटात घाला. मेन पाडायची गरज नाही. दोन्हीकडे २३० व्होल्टच, त्यामुळे लाईन आली तरी करंट आपोआप जुळतो. उरलेला करंट डीपीत (ट्रान्सफॉर्मरमध्ये) जाऊन मीटर उलटं फिरतं, बिल कमी येतं."

हाच मेसेज मला आधी दोनदा आला होता आणि मी तो नुसता पुसून टाकला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. माझी बारा वर्षं वीज प्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये गेली आहेत.

व्होल्ट सारखे म्हणजे जुळलं, हे साफ खोटं. घरात येणाऱ्या एसी विजेची लाट सेकंदाला पन्नास वेळा वरखाली होते. दोन्हीकडच्या लाटा एकाच क्षणी वर आणि एकाच क्षणी खाली असाव्या लागतात. भार नसलेला छोटा जनरेटर ५२ हर्ट्झच्या (सेकंदाला ५२ लाटा) आसपास पळतो, लाईन ५० वर. म्हणजे सेकंदाला दोनदा त्या एकमेकींच्या बरोबर उलट येतात. नेमकी तेव्हा लाईन आली, तर ४६० व्होल्टचा फरक जनरेटरच्या वाइंडिंगमधून वाट काढतो. आम्ही सिंक्रोस्कोपचा (दोन लाटांमधला फरक दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा अगदी सावकाश फिरेपर्यंत टर्बाइनचा वेग जुळवतो आणि काटा बाराच्या किंचित अलीकडे असताना ब्रेकर, म्हणजे जोडणारा मोठा स्विच, मारतो, कारण ब्रेकर लागायलाही क्षण जातो. काटा पळत असेल तर स्विचला हात लावायचा नाही.

आपोआप जुळत असतं, तर आपल्याच भद्रावतीला १००० मेगावॅटचं एचव्हीडीसी केंद्र कशाला बांधलं असतं? पश्चिम आणि दक्षिण भारताचे ग्रिड (विजेची जाळी), दोन्ही ५० हर्ट्झचेच. पण लाटा जुळलेल्या नव्हत्या. म्हणून तिथं एसीची डीसी (लाट नसलेली वीज) करून पुन्हा एसी करत वीज पलीकडे न्यायचे. दोन्ही ग्रिड सरळ जोडले गेले ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाईनवरून. जे देशाच्या ग्रिडला आपोआप जमलं नाही, ते म्हणे सॉकेटातल्या पिनेला जमतं!

पण जनरेटर जळाला तर जळाला. मला झोप लागली नाही ती "मेन पाडायची गरज नाही" या वाक्यानं. डीपीला दिशा कळत नाही. ती ११ हजारांचे २३० करते, तशीच उलट बाजूनं २३० दिले तर ११ हजार करते. कुणी म्हणेल, एवढासा जनरेटर सगळ्या गावाच्या भारानं लगेच बसेल. गावठाणच्या डीपीवर बहुधा बसेल, मान्य. पण ओलिताच्या डीपीवर? लाईन जाताच मोटरींचे स्टार्टर पडलेले असतात, भार जवळजवळ शून्य. मग तार जिवंत होते, आणि फॉल्ट शोधत खांबावर चढलेला लाइनमन ती मेलेली समजतो. त्यातल्या एखाद्या तारेला त्यानं आधी अर्थिंग लावलं नसेल, तर तो खाली येतो तो पडूनच. शिवाय वायर सॉकेटातून निसटली की उघड्या पिनांत २३० व्होल्ट खेळत असतात. ताईची नात चार वर्षांची आहे.

मीटरचं म्हणाल तर बरीच साधी इलेक्ट्रॉनिक मीटरं उलट गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. बिल वाढेल.

एवढं खरं की छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर लाईनशी स्वतः जुळतो आणि लाईनला दिलेली वीज वजा धरणारं नेट मीटर असेल तर बिलही कमी होतं. पण तो आधी लाईनची लाट वाचतो, आणि लाईन गेली की स्वतः बंद पडतो. लाइनमनसाठीच.

भाऊजींना चेंजओव्हर स्विच आणून दिला: एका बाजूला लाईन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे बंद. वायरमन रविवारी येऊन बसवेल. त्या वायरीची एक पिन मी तिथंच पक्कडीनं तोडली आणि खिशात घालून आणली.