पाला पेटवायचा आणि वास येतो म्हणायचं

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी अजून आहे, आठ वर्षं झाली जर्मनीत येऊन पण कोणी काढलं नाही आणि मलाही सोडवत नाही. सध्या तिथे ओल्या कचऱ्यावरून जुंपलीय. अर्धे म्हणतात टॅक्स भरतो ना, मग महापालिकेने उचलावा, आम्ही का घरात कुजवत बसायचं. उरलेले म्हणतात फॉरेनला बघा, आणि मग मला टॅग करतात.

तर फॉरेनचं सांगते. इथे २०१५ पासून ओला कचरा वेगळा गोळा करणं कायद्याने सक्तीचं आहे, दारात ब्राऊन डबा असतो, गाडी येते, म्हणजे टॅक्सवाल्यांचं अगदीच चूक नाही. पण त्यात प्लास्टिकची पिशवी दिसली की डबा तसाच सोडून वर स्टिकर लावून जातात, आणि ते स्टिकर माझ्याआधी शेजारच्या आजी वाचतात. शिस्त शिस्त म्हणतात ती बरीचशी हीच.

मी तरी घरामागे चार टोमॅटोंसाठी कंपोस्ट लावलंय. नोव्हेंबर ते मार्च ढीग गारठून पडलेला, टाकलेली सालं तशीच्या तशी दिसतात, खत व्हायला वर्ष जातं. आईच्या गॅलरीतल्या कुंडीत हेच तीन महिन्यांत होतं, कारण तिकडची ऊब फुकट आहे.

राहिला वास. नुसतं ओलं कोंबलं की हवा खेळत नाही, मग सडणारच. एक डबा सालं असली तर दोन डबे सुका पाला हवा, आणि मूठभर घेऊन पिळलं तर एखाददोन थेंब यावेत, धार लागली तर अजून पाला. (पांढुरक्या आळ्या दिसल्या म्हणून आमच्या एका काकूंनी अख्खा ड्रम ओतून दिला, त्या बिचाऱ्या खतच करत होत्या.)

आणि हाच पाला आम्ही जाळतो! फेब्रुवारीत आले होते तेव्हा सकाळी सातला वॉचमनदादा पार्किंगच्या मागे पाला पेटवत होते, तेव्हाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा जाळायला बंदी असून, आणि तिथून वीस पावलांवर सोसायटीचा तो बदनाम खड्डा, नुसता ओला, नाक धरून जावं असा. इथे मी ऑक्टोबरात शेजाऱ्यांकडून पाल्याची पोती मागून आणते हो.

ग्रुपवर एवढं सगळं टाइप केलं. एक थम्स-अप आला, आणि खाली लगेच बी विंगच्या पार्किंगचं सुरू झालं.