केडगावची रमाबाई, दुष्काळ आणि स्वतःचे बळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

पंडिता रमाबाईंच्या ईश्वरनिष्ठेवरील माझ्या लेखाविषयी आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्यांनी सर्वस्व देवाच्या नावे खर्च केले ते रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपाशी मेले. पुण्याजवळील केडगावचे मुक्ती मिशन, म्हणजे निराधार मुली-स्त्रियांचा आश्रम, उभे राहिले ते रमाबाईंच्या बुद्धीवर, जिद्दीवर आणि परदेशी पैशावर. तेव्हा संकटात स्वतःच्या बळापेक्षा देवावर विसंबावे हे माझे विधान त्यांच्या कर्तृत्वाचा अपमान करणारे आणि गरिबांना हातपाय गाळून बसायला शिकवणारे आहे. या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. त्यांपैकी पहिला मुद्दा सर्वांत जड असल्यामुळे त्यालाच अधिक जागा देतो.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थाटन करीत, देवळांतून पुराण वाचीत आणि श्रोते आपण होऊन जे देतील त्यावर राहत असे. गाठीचा पैसा दानधर्म, ब्राह्मणभोजने आणि अनुष्ठाने यांत संपत गेला. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा दागिने, चांगली वस्त्रे, तांब्यापितळेची भांडी असे होते नव्हते ते सारे विकून झाले होते. कष्टाचे काम घरात कोणी शिकलेले नव्हते आणि कुळाचा अभिमान हात पसरू देत नव्हता. शेवटचे अकरा दिवस ही माणसे पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर जगली, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. दृष्टी अधू झालेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचा निश्चय केला आणि निरोपानिरोपीही झाली. त्या वेळी थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की, आता जातीचा अभिमान बाजूला ठेवून मी मोलमजुरी करीन आणि तुम्हांला जगवीन. ते ऐकून वडिलांच्या डोळ्यांना पाणी आले आणि जलसमाधीचा विचार मागे पडला; परंतु उपासमारीने शरीर इतके खचले होते की थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्या पाठोपाठ आई आणि नंतर थोरली बहीणही गेली.

या प्रसंगातून आपण काढलेला निष्कर्ष रमाबाईंनाही काही काळ पटला होता. आईवडील गेल्यावर रमा आणि श्रीनिवास ही दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी पांघरायला काही नव्हते म्हणून त्यांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून ती त्यांत निजली. शास्त्रांत सांगितलेले सर्व काही करूनही देव प्रसन्न होत नाहीत हे पाहून जुन्या धर्मावरची आपली श्रद्धा या भ्रमंतीत ढासळत गेली, अशी कबुली त्यांनी दिली आहे. हे आत्मकथन त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरचे आहे, त्यामुळे त्यातील मते तेवढे भान ठेवूनच वाचावी लागतात. तरीही एक भेद त्यांनी नेमका टिपला आहे असे मला वाटते. अमुक अनुष्ठान केले की अमुक फळ मिळालेच पाहिजे, अशा हिशेबाने जो देवाकडे जातो त्याची भिस्त वस्तुतः आपल्याच पुण्याच्या साठ्यावर असते. तो साठा स्वतः कमावलेला असल्यामुळे तेही एक प्रकारचे स्वतःचे बळच होय.

एवढ्यावर वडिलांची श्रद्धा खोटी आणि मुलीची खरी असे म्हणून मोकळे व्हावे, तर ते मला मान्य नाही, कारण त्याच आत्मकथनात अनंतशास्त्र्यांचे शेवटचे बोलणेही आलेले आहे. त्यांनी रमेला जवळ घेऊन सांगितले की, तू माझे सर्वांत धाकटे आणि सर्वांत लाडके लेकरू आहेस. तुला मी देवाच्या हाती दिले आहे. तू त्याचीच आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. या बोलण्यात फळाची अट नाही, आणि देण्यासाठी त्या माणसाजवळ दुसरे काही उरलेही नव्हते. केडगावच्या रमाबाईंच्या निष्ठेचे मूळ मला तेथेच दिसते. मात्र अशा माणसाला अन्न का मिळाले नाही, या आपल्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही आणि रमाबाईंनीही ते दिलेले नाही. पूर्वजन्मीचे पाप किंवा देवाने घेतलेली परीक्षा यांसारखी तयार उत्तरे देऊन आपले समाधान करण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

आता कर्तृत्वाविषयी. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या पुण्यात येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंजवळ काय होते ते पाहू. शारदा सदन या त्यांच्या विधवा मुलींच्या शाळेत मुलींना ख्रिस्ती वळण लावले जाते, या १८९३ च्या वादात रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार सदनापासून दूर झाले होते आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. अमेरिकेतून येणारा पैसा ठरावीक विधवा मुलींच्या शिक्षणापुरता होता आणि त्याची दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. म्हणजे बळाचा जमाखर्च मांडला असता तर पुण्यातच थांबणे हे शहाणपणाचे ठरले असते. आपण दुबळ्या आहोत, पैसा नाही, मग एवढ्या मुलींचे काय करणार, ही त्या वेळची उलघाल त्यांनी लिहून ठेवली आहे. परंतु रिलीफ कॅम्पांभोवती मुलींचा सौदा करणारी माणसे घिरट्या घालीत होती आणि स्वतःची भूक रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. प्लेगच्या बंदोबस्तामुळे या मुलींना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. फळबाग करून सदनाचा खर्च भागवावा या हेतूने घेतलेल्या त्या जमिनीवर तेव्हा पुरती इमारतही नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे की, देवावर विसंबल्यामुळे त्यांचे काम कमी झाले नाही, तर कोणते काम अंगावर घ्यायचे हे ठरवण्याचे माप बदलले. स्वतःच्या बळावर विसंबणारा मनुष्य साहजिकच आपल्या बळाला पेलेल तेवढेच दुःख आपले मानतो, आणि त्यात त्याची काही चूक आहे असेही मी म्हणणार नाही. रमाबाईंनी ते माप टाकून दिले, म्हणून १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. याला आपण कर्तृत्व म्हणता ते योग्यच आहे, परंतु हे बळ माझे नव्हे असे त्या स्वतः वारंवार सांगत असताना, ती केवळ विनयाची भाषा होती असे आपण कोणत्या आधारावर ठरवता? कर्तृत्व त्यांचे मानायचे आणि त्याविषयीची त्यांची साक्ष मात्र बाजूला सारायची, यात मला त्यांचा अधिक अपमान वाटतो.

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण या संदर्भात वापरली आहे. मुक्तीत छापखाना होता, हातमाग होते, शेती होती, गाईगुरे होती, अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई, आणि प्रार्थनेच्या वेळा जितक्या कडक तितक्याच कामाच्याही असत. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी आबाळ झाली ती रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून चव्हाट्यावर आणली आणि त्यावरून ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. प्रार्थना करणाऱ्या या बाईची मागणी रुग्णालये नीट चालावीत अशी होती. औषध बंद करा आणि आमच्या सभेला या, असे सांगणाऱ्यांविषयी आपण जो संताप व्यक्त केला आहे, त्यात मी आपल्याबरोबरच आहे.

देवाधर्माची भाषा न करता कर्व्यांनी हिंगण्याला तेच काम केले, हा आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. पावसाळ्यात चिखल तुडवीत रोज पायी हिंगण्याला जाणाऱ्या त्या माणसाविषयी मला नितांत आदर आहे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई या शारदा सदनाच्याच विद्यार्थिनी होत्या, ही गोष्टही येथे आठवते. सत्कार्यासाठी ईश्वरनिष्ठा अनिवार्य आहे असे मी लेखात लिहिलेले नाही. ज्या स्त्रीने आपले बळ कोठून आले हे स्वतःच सांगितले आहे तिच्याविषयीच मी लिहिले.

परदेशी पैशाचा मुद्दाही खराच आहे. ब्रिस्टॉल येथे जॉर्ज म्युलर यांनी कोणाकडे वर्गणी न मागता हजारो अनाथांना सांभाळले, याचा रमाबाईंवर मोठा प्रभाव होता. तथापि मुक्तीची वार्तापत्रे परदेशी जात आणि ती वाचून लोक पैसे पाठवीत, हे कोणी लपवलेले नाही. आकाशातून नाणी पडली असा दावा रमाबाईंनी केला नाही, मीही करीत नाही. मात्र पुढील महिन्याच्या धान्याची हमी हाती नसताना आलेल्या मुलीला परत पाठवायचे की नाही, हा निर्णय देणगी येण्यापूर्वीच घ्यावा लागतो, आणि माझ्या लेखाचा विषय तो निर्णय होता.

शेवटी आपण मनोरमेचा उल्लेख केला आहे. पुढे मुक्तीची धुरा जिच्यावर सोपवायची होती ती एकुलती एक मुलगी १९२१ साली गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. ‘इतका भरवसा ठेवून मिळाले काय?’ असे आपण विचारता. मनोरमेच्या आयुष्याची हमी त्यांनी देवाकडून घेतली होती, असे त्यांच्या लिखाणात माझ्या वाचनात आलेले नाही. मुलीच्या मृत्यूनंतरही, प्रकृती ढासळलेली असताना, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हाती घेतलेले बायबलचे सोप्या मराठीतील भाषांतर त्या तपासत राहिल्या आणि संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यात छापून त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाला. यावरून देव आहे हे सिद्ध होत नाही, आणि तसे सिद्ध करण्याचा माझा हेतूही नव्हता. भरवसा ठेवणारा मनुष्य संकटात निष्क्रिय होतो, या आपल्या विधानाशी मात्र ही शेवटची वर्षे जुळत नाहीत.