एफएसआय आहे, पण गल्ली साडेसात मीटरची

नाशकात रबरी टायरवरची मेट्रो निओ येईल तेव्हा येवो. द्वारका, उपनगर नाका, बिटको हा पट्टा आजही बसवरच चालतो आणि महापालिकेची सिटीलिंक बससेवा 2021 पासून रस्त्यावर आहे. घरं वाढवायची तर ती इथे. आडगावच्या पुढे मळ्यांत प्लॉट पाडत गेलो, तर घरटी दोन दुचाक्या आल्याच.

पण ‘एफएसआय वाढवा’, म्हणजे प्लॉटच्या जास्त पट बांधकाम करू द्या, म्हणणाऱ्यांनी आधी टेप घेऊन आपली गल्ली मोजावी. नाशकातल्या जुन्या कॉलन्यांत सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते ढिगाने आहेत. युडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे रस्ता नऊ मीटरच्या आत असेल तर मूळ 1.1 एफएसआय मिळतो, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) नाही. नऊ मीटर झाला की 0.5 प्रीमियम आणि 0.4 टीडीआर धरून 2. दोन्हींवर पैसे भरून 60 टक्के अ‍ॅन्सिलरी, म्हणजे जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा जादा एफएसआय. म्हणजे 500 चौरस मीटरच्या प्लॉटवर 880 चौरस मीटर बांधकामाचे थेट 1,600 होतात. त्यासाठी सोडायचं काय? साडेसातचे नऊ करायला प्रत्येक बाजूने पाऊण मीटर. 20 मीटर दर्शनी प्लॉट असेल तर फक्त 15 चौरस मीटर!

घोडं अडतं ते इथे: रुंदीकरण चौकापासून चौकापर्यंत सलग हवं. मधल्या एका बंगल्याने कंपाउंड हलवायला नकार दिला की अख्खी गल्ली अडकली. एकेका प्लॉटवाल्याने आपापला प्लॅन टाकून हे सुटणार नाही. महापालिकेनेच गल्ली हे एकक धरावं. एकदाच मोजणी, भिंतींवर खुणा, सगळ्यांची संमती एकत्र, आणि कंपाउंड मागे गेल्याबरोबर विजेचे खांब नि गटारही मागे. खांब जागेवरच राहिला तर तो नऊ मीटर नकाशापुरताच.

एवढं करूनही 1,600 बसतात का? इमारत 24 मीटर उंच धरा. बाजूला आणि मागे उंचीचा पाचवा भाग, म्हणजे 4.8 मीटर सोडायचं, पुढे 3. 20 बाय 25 च्या प्लॉटवर, रस्त्याला दिलेला पाऊण मीटर वजा जाता, उरतात साधारण 10.4 बाय 16.4. पार्किंगवर सात मजले चढवले तरी 1,200 च्या आत. उंची वाढवाल तर मार्जिन, म्हणजे ही मोकळी जागाही वाढते. शेजारचे दोन प्लॉट जोडले की मधलं मार्जिन जातं आणि त्याच सात मजल्यांत 3,200 चा पूर्ण एफएसआय सहज बसतो. म्हणून सवलत द्यायचीच तर प्लॉट जोडणाऱ्याला द्या, सरसकट नको.

पुण्या-नागपुरात मेट्रोलगत जादा एफएसआय देताना 500 मीटरचा हिशेब लावतात. इथे बसथांब्याभोवती तसाच कंपासने गोल काढू नका, पायी अंतर मोजा. सोसायटीची मागची भिंत आडवी आली की 200 चे 700 होतात. तिथे दोन मीटरची पायवाट काढून घेणं ही परवानगीची अटच हवी.

पाण्याचं गणित सोपं आहे. 12 फ्लॅटचे 40 झाले, घरटी चार माणसं आणि माणशी 135 लिटर धरलं, की रोजचे साडेसहा हजार लिटर साडेएकवीस हजारांवर जातात. ड्रेनेजची जुनी लाइन मात्र तेवढीच. ती आधी बदला, मग प्लॅन पास करा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तळमजल्यावरच्या दुकानदाराच्या दारात चेंबर तुंबून वाहील.