मांजरांवर शिकारी रायफल: व्हायरल मजकुराला उत्तर

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: भटकी मांजरं, घुशी वाढल्यात. त्यांना मोठ्या शिकारी रायफलने टिपावं. एका गोळीत काम तमाम, जनावराला यातना नाहीत. टेकडीवर जाऊन मारलं तर कुणाला धोका नाही, ऑस्ट्रेलियात सरकारच हे करतं, आणि मांजर वन्यप्राणी नसल्याने कायदा आड येत नाही. पुण्यातली शिकलीसवरली माणसं हे पुढे ढकलताहेत, याचा मला मनापासून राग येतो.

आधी ‘यातना नाहीत’. ०.३०८ बोअरच्या (म्हणजे सुमारे पाऊण सेंटिमीटर जाडीच्या) शिकारी गोळीत साधारण साडेतीन हजार ज्यूल ऊर्जा असते. ती हरणाच्या अंगात शिरून फुलावी अशी बनवलेली असते. तीन-चार किलोच्या मांजराच्या अंगात तिला फुलायला पुरेशी जागाच मिळत नाही. शिवाय अशा रायफलची दुर्बीण बहुधा शंभर मीटरला जुळवलेली असते आणि ती नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसते. म्हणून दहा मीटरवर गोळी नेमापेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली लागते. हरणाला त्याने फरक पडत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र तेवढ्यात छाती चुकते आणि पाय तुटतो. तुटक्या पायाचं मांजर पळतं, गाडीखाली किंवा गटारात शिरतं आणि तिथे तडफडत राहतं.

आणि उरलेल्या ऊर्जेचं काय? गोळी आरपार जाते, पुढे काळ्या पाषाणावर आपटून कुठेही उसळते. बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर ५० मीटरला ०.२२ बोअर वापरतात. त्या गोळीत जेमतेम दीडशे ज्यूल असतात, तरी तिला अडवायची पक्की व्यवस्था असते. साडेतीन हजार ज्यूलची गोळी मोकळी सुटली तर चार किलोमीटर जाऊ शकते. वेताळ टेकडीवरून कोथरूड, पाषाण, सेनापती बापट रस्ता यांतलं काहीही तेवढं लांब नाही, आणि पहाटेपासून टेकडीवर माणसं फिरत असतात.

ऑस्ट्रेलियाचा दाखला अर्धवट आहे. तिथे मांजर युरोपीय वसाहतींबरोबर, म्हणजे १७८८ नंतर पसरलं. त्याआधी त्या खंडावर मांजरकुळातला एकही प्राणी नव्हता, त्यामुळे बिल्बीसारखे (लांब कानांचा, पोटाला पिशवी असलेला छोटा प्राणी) जीव त्याच्यापुढे टिकेनात. २०१५ साली सरकारने २० लाख मांजरांचं लक्ष्य ठरवलं ते रानटी झालेल्या मांजरांचं, सोसायटीच्या जिन्यातल्या नव्हे. आपल्याकडे रानमांजर आणि वाघाटी (छोटं जंगली मांजर) मुळातच इथली. अंधारात चमकणारे दोन डोळे वाघाटीचे निघाले, तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे: ३ ते ७ वर्षं कैद.

घुशींचं थोडक्यात सांगतो. चार मारल्या तरी उघड्या कचऱ्यावर आठ येतात. कचरा झाका, बिळं बुजवा. मांजरांची नसबंदी करून घ्या.

राहिला कायदा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे वन्य-पाळीव असा भेद नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वेगळाच. २० ज्यूलच्या आतल्या ४.५ मिलिमीटर एअरगनला परवाना लागत नाही, हे खरं. पण ती सूट बंदूक बाळगण्यापुरती आहे, जीव घेण्याची नाही.

मागचे पाय ओढत चालणारं मांजर दिसलं, तर गाडीने उडवलं असेल म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना एक्स-रे काढायला सांगा. मणक्याजवळ पांढराशुभ्र ठिपका दिसला तर तो बहुधा एअरगनचा शिशाचा छर्रा असतो. ती फिल्म आणि डॉक्टरांचा लेखी अहवाल घेऊन थेट पोलीस चौकी गाठा.